युद्धात मनासाठी पैसा कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

"लोक उपाशी आहेत, डोक्यावर बॉम्ब पडताहेत, आणि तुम्ही समुपदेशनासाठी निधी मागता?"

युद्धग्रस्त भागांतल्या मदतकार्याचे प्रस्ताव आणि अंदाजपत्रकं वाचायची, देणगीदारांपुढे त्यांची बाजू मांडायची, हे माझं काम. ते कळलं की हा प्रश्न येतोच. विचारणारे निष्ठुर नसतात, उलट काळजीपोटीच विचारतात. त्यांच्या डोळ्यांपुढे एका बाजूला पिठाचं पोतं असतं, दुसऱ्या बाजूला कुणाशी तरी बोलण्यात गेलेला तास, आणि पैसा दोन्हींपैकी एकालाच पुरणारा. खरोखर तशी वेळ आली तर मीही पोतंच उचलीन. पण माझ्यापुढे येणाऱ्या कागदांत अशी निवड जवळजवळ कधीच नसते.

आणीबाणीच्या काळात मानसिक आरोग्य आणि मनोसामाजिक आधार (म्हणजे मनाला आणि माणसांतल्या नात्यांना सावरणारी मदत) यांचं काम कसं करावं, याची जगभर वापरली जाणारी मार्गदर्शक तत्त्वं 2007 साली आली. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, रेड क्रॉस चळवळ आणि मोठ्या स्वयंसेवी संस्था यांनी मिळून ती तयार केली. त्यांत आधाराचे चार थर सांगितले आहेत. सगळ्यात खालचा आणि रुंद थर अन्न, पाणी, निवारा आणि सुरक्षितता यांचा. त्यावर कुटुंब आणि भोवतालचा समाज. त्याच्या वर, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या माणसांची मदत. टोकाला मनोविकारतज्ज्ञ, ज्यांची गरज थोड्यांनाच पडते. म्हणजे मनाच्या आरोग्याचा विचार करणाऱ्यांनीच पाया म्हणून अन्न ठेवलं आहे. शिवाय ते अन्न कसं दिलं जातं, याकडेही बघायला सांगितलं आहे. घर जळालेल्या बाईकडे कागदपत्रं नाहीत म्हणून तिला रांगेतून परत पाठवलं, तर त्या दिवशी तिचं पोट तर रिकामं राहतंच, पण आपण आता कुणाच्या खिजगणतीत नाही हेही तिला कळून चुकतं.

सुदानचं उदाहरण मी नेहमी देते. 15 एप्रिल 2023 ला तिथलं लष्कर आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलं आणि आंतरराष्ट्रीय संस्थांनी राजधानी खार्तुममधून आपली माणसं हलवली. मागे राहिले ते वस्त्यावस्त्यांतले स्थानिक तरुण. त्यांनी 'इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स', म्हणजे तातडीच्या मदतीचे वस्तीतले गट, उभे केले. सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली, जखमींना बाहेर काढलं, पाण्याची सोय केली. बायकांनी स्वतःचे वेगळे गट केले आणि लैंगिक अत्याचार सोसलेल्यांना आधार द्यायला सुरुवात केली. 'पर्यायी नोबेल' म्हणून ओळखला जाणारा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार 2025 साली या कामाला मिळाला. अशा स्वयंपाकघरात जेवण मिळतं आणि ओळखीचं माणूसही भेटतं. कोण दोन दिवस आलं नाही, कोण आलं पण न जेवता बसून राहिलं, हे वाढणाऱ्याच्या लक्षात येतं.

आता हा खर्च कुठल्या रकान्यात लिहायचा? अन्न की मानसिक आरोग्य? हा प्रश्न वरवर कारकुनी वाटेल, पण निधीचं सगळं दुखणं इथंच सुरू होतं. संयुक्त राष्ट्रांच्या समन्वयात मदतकार्याची विभागणी आरोग्य, संरक्षण, शिक्षण, अन्न, निवारा अशा गटांत होते आणि पैशाची नोंदही बहुतांशी त्याच गटांनुसार होते. मनोसामाजिक आधाराला स्वतःचा गट नाही. तो सगळ्यांत थोडाथोडा असतो. तत्त्व म्हणून ते बरोबरच आहे, कारण शाळेत, दवाखान्यात, छावणीत सगळीकडे तो असायला हवा. पण त्यामुळे एखाद्या युद्धात या कामाला एकूण किती पैसा मागितला गेला आणि किती मिळाला, हे धडपणे सांगता येत नाही. निधी आटला की हा भाग गुपचूप गळतो. स्वयंपाकघर बंद झालं की बातमी होते, पण तिथल्या बायकांच्या गटाचं मानधन थांबलं तर त्याचा पत्ताही लागत नाही.

गरज किती मोठी आहे, असंही विचारलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अंदाजानुसार, मागच्या 10 वर्षांत युद्ध अनुभवलेल्या लोकसंख्येत कुठल्याही वेळी साधारण 22 टक्के लोकांना नैराश्य, चिंताविकार, आघातानंतरचा ताण, बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया यांपैकी काहीतरी असतं. सुमारे 13 टक्क्यांना सौम्य, 4 टक्क्यांना मध्यम आणि 5 टक्क्यांना तीव्र स्वरूपात. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेत असं मला वाटतं. पाचातला एक आजारी, म्हणजे पाचातले चार आजारी नाहीत. ते दुःखी असतात, घाबरलेले असतात, झोप उडालेले असतात, आणि युद्धात तसं असणं हा रोग नव्हे. त्यांना डॉक्टर नको असतो. शेजारी, नातेवाईक, मुलांना खेळायला सुरक्षित जागा, मेलेल्यांचे विधी करता येणं, हरवलेल्यांचा ठावठिकाणा लागणं, हे हवं असतं. समाजाच्या पातळीवरचं काम म्हणजे हे सगळं मोडू न देणं, आणि मोडलं असेल तर पुन्हा उभं राहायला हात देणं.

ज्यांना त्याहून जास्त मदत लागते, त्यांच्यातल्याही बहुतेकांसाठी तज्ज्ञांची फौज लागत नाही, हे आता चांगल्या चाचण्यांतून दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 'प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस' नावाची पाच बैठकांची पद्धत तयार केली. संघर्षानं पोळलेल्या पेशावरमध्ये तिची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाले. या बैठका घेणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते होते. लोकांचं नैराश्य आणि चिंता तीन महिन्यांनंतरही लक्षणीय कमी होती. युगांडातल्या र्‍हायनो कॅम्प वसाहतीत दक्षिण सुदानमधून आलेल्या निर्वासित बायकांसाठी 'सेल्फ-हेल्प प्लस' वापरून पाहिलं गेलं. ध्वनिमुद्रित सूचना, चित्रांचं पुस्तक, एकत्र बसलेला गट आणि थोडं प्रशिक्षण घेतलेल्या दोन सूत्रधार, एवढंच. 2020 साली आलेल्या निष्कर्षांत तिथंही मानसिक त्रास कमी झाल्याचं दिसलं. चमत्कार नव्हे, पण इतक्या थोड्या सामग्रीत इतका फरक पाडणाऱ्या गोष्टी मदतकार्यात फार नाहीत.

मग पैसा जातो कशावर? माणसांच्या वेळेवर. अशा कार्यक्रमाचं अंदाजपत्रक उघडलं तर यंत्रसामग्री जवळपास नसतेच. कार्यकर्त्यांचं मानधन, त्यांचा प्रवास, बसायला जागा, फोनचा खर्च, आणि सुपरव्हिजन. हा शेवटचा शब्द देणगीदारांना सगळ्यात नकोसा असतो. अनुभवी व्यक्तीनं दर आठवड्याला कार्यकर्त्यांबरोबर बसायचं, अवघड प्रसंगांवर बोलायचं, कुणाला पुढं डॉक्टरकडे पाठवायचं ते ठरवायचं. कागदावर हे व्यवस्थापनाच्या खर्चासारखं दिसतं आणि पहिली कात्री तिथंच लागते. पण पाच-सहा दिवसांचं प्रशिक्षण देऊन एखाद्या मुलीला रोज दुसऱ्यांची दुःखं ऐकायला एकटं सोडणं हे मला क्रूर वाटतं. तीही त्याच युद्धात असते. तिचंही घर गेलेलं असतं, तिचाही भाऊ बेपत्ता असतो. गाझामध्ये डॉ. इयाद अल-सर्राज यांनी 1990 साली सामुदायिक मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. ऑक्टोबर 2023 नंतर तिथं हे काम करणारे लोक स्वतःच बेघर झाले, पुन्हा पुन्हा जागा बदलत राहिले. अशा माणसांची काळजी घेण्याचा खर्च 'अनुषंगिक' म्हणून लिहिलेला दिसला की मला राग येतो, आणि तो राग मी लपवत नाही.

वेळेवर खर्च होणाऱ्या पैशाचा स्वभाव वस्तूंच्या पैशाहून वेगळा असतो. तंबूंची खेप उशिरा आली तरी आल्यावर उपयोगी पडते. माणसाचं काम मध्येच तोडलं तर नुसतं थांबत नाही, उलटं फिरतं. अत्याचार सोसलेली एखादी बाई कित्येक आठवड्यांनी तोंड उघडते, आणि पुढच्या वेळी येते तेव्हा दाराला कुलूप. ती पुन्हा कुणाजवळ बोलेल? 20 जानेवारी 2025 ला अमेरिकेनं परदेशी मदत गोठवली आणि चालू प्रकल्पांना काम थांबवण्याचे आदेश गेले, तेव्हा जगभर असंच घडलं. सुदानमधली कित्येक सामुदायिक स्वयंपाकघरं त्या काही आठवड्यांत बंद पडली. एखाद्या सरकारनं मदत किती द्यावी यावर मतं वेगळी असू शकतात. पण चालू असलेलं उपचाराचं नातं एका आदेशानं तोडणं कुठल्याही धोरणात बसू नये, हे माझं ठाम मत आहे.

अशी मोठी तोड नसली तरी छोटी तोड रोजचीच. सहा महिने, नऊ महिने, एक वर्ष अशा मुदतीचे करार. पहिले दोन महिने माणसं नेमण्यात जातात, शेवटचे दोन अहवालात आणि पुढच्या अर्जात. ज्या स्थानिक संस्थेच्या नावावर हे काम चालतं तिला पैसे थेट मिळतही नाहीत. 2016 साली इस्तंबूलच्या जागतिक मानवतावादी शिखर परिषदेत 'ग्रँड बार्गेन' नावाचा करार झाला. 2020 पर्यंत मदतीचा किमान 25 टक्के पैसा स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांपर्यंत शक्य तितका थेट पोचवू, असं देणगीदारांनी आणि मोठ्या संस्थांनी कबूल केलं. ती मुदत कधीच उलटली आणि लक्ष्य गाठलं गेलं नाही. मधल्या प्रत्येक पायरीवर प्रशासकीय खर्चासाठी काही टक्के राखले जातात, आणि शेवटच्या पायरीवरच्या संस्थेला पुष्कळदा कार्यालयाचं भाडं आणि हिशोबनिसाचा पगारही त्या कराराबाहेरून भागवावा लागतो.

'समाज' या शब्दाचा मोह मात्र मला धोक्याचा वाटतो. गट, वर्तुळं, खेळ, गाणी यांत मन रमतं, छायाचित्रंही छान येतात, आणि तीव्र आजाराची माणसं मागे पडतात. युद्ध पेटल्यावर गोळ्या मिळेनाशा झालेला स्किझोफ्रेनियाचा रुग्ण, घरच्यांनी पळून जाताना साखळीनं बांधून ठेवलेला मुलगा, मनोरुग्णालयात कर्मचारी निघून गेल्यावर अडकलेले लोक. यांच्यासाठी औषधं, परिचारिका आणि सुरक्षित स्थलांतर लागतं. आणि शांततेच्या काळातच इथं पैसा कमी असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या आढाव्यात सरकारं आरोग्याच्या खर्चातला मध्यक 2.1 टक्के वाटा (निम्म्या देशांत याहून कमी, निम्म्यांत जास्त) मानसिक आरोग्यावर खर्च करतात असं दिसलं, आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत त्यातला 70 टक्क्यांहून जास्त मनोरुग्णालयांतच जातो. गावातल्या दवाखान्यात जवळपास काहीच पोचत नाही.

"हे युद्ध संपल्यावर करता येणार नाही का?" हा पुढचा प्रश्न. युद्धं इतकी लांबतात की 'नंतर' हा शब्द फसवा ठरतो. आणि लक्ष असतं तेव्हाच पैसा असतो. श्रीलंकेनं 2004 च्या त्सुनामीनंतर, यादवी युद्ध संपलेलं नसताना, आलेल्या निधीचा उपयोग करून 2005 साली नवं मानसिक आरोग्य धोरण आणलं आणि जिल्हापातळीवर सेवा उभ्या केल्या. युक्रेननं 2022 मध्ये, भर युद्धात, 'ती याक?' म्हणजे 'कसे आहात?' हा देशव्यापी कार्यक्रम सुरू केला. तिथले कुटुंबवैद्य मानसिक आजार ओळखायला आणि हाताळायला शिकले. या कामाचे पैसे त्यांना देशाच्या आरोग्य सेवेकडूनच मिळावेत अशी सोय झाली. परदेशी निधी उद्या आटला तरी काही तरी उरावं, याची ही वाट मला सगळ्यात भरवशाची वाटते. सुदानसारख्या ठिकाणी, जिथं सरकारच दोन फळ्यांत लढतंय, ती वाट आज नाही. तिथं वस्तीतल्या गटांना छोट्या रकमा, कमीत कमी अटींवर, पण सलग देत राहणं एवढंच हातात आहे.

काही सहकारी सांगतात की देणगीदारांना परतावा दाखवावा: नैराश्य आणि चिंता यांच्या उपचारावर घातलेल्या 1 डॉलरमागे 4 डॉलर परत मिळतात, असा 2016 चा प्रसिद्ध अंदाज आहे. मी तो वापरत नाही. तो काढला गेला शांततेच्या काळातल्या कामगारांची उत्पादकता धरून. ज्या बाईचं शेत सुरुंगांनी भरलंय तिच्या बरं होण्यातून कुठल्या अर्थव्यवस्थेला काय मिळणार, हा हिशोब मला मांडायचा नाही. ती बरी होणं पुरेसं आहे.

कुणी विचारतं, मग आम्ही द्यायचं ठरवलं तर काय बघायचं? खर्चाचा अंदाज बांधायला आता साधनं आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी 2022 साली या कामाचं किमान सेवांचं पॅकेज आणलं, त्यात खर्च काढण्याचं साधनही आहे. पण मी प्रस्ताव हातात आला की आधी पगाराचं पान उघडते. काम करणारे त्याच भागातले आहेत का, त्यांना मोबदला मिळतो की नुसते 'स्वयंसेवक' म्हणून राबवले जातात, सुपरव्हिजनला पैसे ठेवलेत का, आणि करार संपल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात त्यांचं मानधन कुठून येणार, हे शोधते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर प्रस्तावात बहुतेक वेळा नसतंच. तेव्हा मी तो प्रस्ताव पाठवणाऱ्या संस्थेला नाही, पैसे देणाऱ्याला फोन करते.