तुम्ही विचारलंत म्हणून: नॉर्वेतले पूर्वज शोधायचे तर आडनाव बाजूला ठेवा

माझं सासर मिनेसोटातलं, मूळ नॉर्वेचं, आणि मी त्या घराण्याचे जुने कागद शोधत असते हे कळलं की माहेरची माणसं असोत की इथले शेजारी, सगळे हेच विचारतात, "आडनाव माहितीये ना, मग ते टाकून सर्च केलं की झालं, अवघड काय त्यात?" एकदा नीटच लिहिते.

अवघड हे की चार-पाच पिढ्या मागे गेलात की ते आडनाव नसतंच. कायमचं आडनाव लावायची सक्ती नॉर्वेत १९२३च्या कायद्याने आली, त्याआधी खेड्यातला माणूस म्हणजे स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि राहत्या शेताचं नाव. हान्सचा मुलगा ओले तो ओले हान्सेन, त्याची बहीण मारी हान्सदात्तर, आणि ओलेची मुलं हान्सेन नाहीत तर ओल्सेन. लग्न झालं तरी बाई बापाचंच नाव लावायची. आपल्याकडे लग्नात बाईचं पहिलं नावसुद्धा बदलून टाकायचे आणि तिचा माग तिथेच तुटायचा, नॉर्वेत १८०१च्या खानेसुमारीतली म्हातारी बापाच्या नावासकट सापडते, मला याचं फार अप्रूप आहे.

शेताचं नाव ऐकून मराठी माणूस लगेच म्हणतो, अरे हे तर आपल्या 'कर'सारखं! अर्धंच खरं आहे ते. आपला चिपळूणकर पुण्यात येऊन पिढ्या झाल्या तरी चिपळूणकरच राहतो, तिथे उलट, शेत बदललं की नाव बदललं, नवरा बायकोच्या शेतावर राहायला गेला तर तिच्या शेताचं नाव लावायचा, म्हणजे एकच माणूस बाप्तिस्म्याच्या नोंदीत एक, लग्नाच्या नोंदीत दुसरा आणि दफनाच्या नोंदीत तिसराच. आणि नाव लावलं म्हणजे जमीन त्याची असंही नाही, दुसऱ्याच्या जमिनीत झोपडी बांधून मजुरीवर राहणारे, ज्यांना तिकडे हुसमान म्हणतात, तेही त्याच शेताचं नाव लावायचे. अमेरिकेत उतरल्यावर कुणी बापाचं नाव धरलं, कुणी शेताचं, त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावंही वेगवेगळी झालेली दिसतात.

म्हणून मी पहिल्यांदा विचारते ते शेत कुठलं आणि त्याहून आधी पॅरिश (एका चर्चच्या हाताखालचा गावांचा टापू) कुठलं, कारण बाक्केन (उतारावरचं) आणि हाउगेन (टेकाडावरचं) ही नावं तिकडे गावोगाव आहेत. नावाच्या शेपटावरून वस्ती किती जुनी त्याचा अंदाजही येतो, 'रुड' म्हणजे जंगल तोडून काढलेली जमीन आणि असली नावं बहुतेक मध्ययुगातली, 'हेइम' वाली त्याहून जुनी. ओलुफ रीग यांनी या शेतांच्या नावांचा अभ्यास केला, त्याचे खंड १८९७ पासून निघाले, ते आजही लागतात.

कागद बहुतेक डिजिटालआर्किवे या सरकारी साइटवर फुकट आहेत. माझी आवडती १८६५ची खानेसुमारी. त्यात घरातली माणसं, वय, जन्माचं पॅरिश तर आहेच, पण घोडे, गाई, मेंढ्या, बकऱ्या किती, बार्ली-ओट किती पेरलं, बटाटे किती लावले तेही लिहिलंय. माझ्या नवऱ्याच्या खापरपणज्याच्या ओळीत घोड्याचा रकाना रिकामा, गाय एक, थोड्या मेंढ्या, आणि मुलं मात्र भरपूर. माणसं बोटीत का बसली हे मला त्या ओळीने जितकं सांगितलं तितकं कुणीच सांगितलं नाही. १८२५ साली स्तावांगरहून 'रेस्टॉरेशन' नावाचं छोटं जहाज निघालं तिथून पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांच्या आसपास माणसं नॉर्वे सोडून गेली, एवढ्या लहान देशातून!

खानेसुमारीच्याही मागे जायचं तर चर्चच्या वह्या. अक्षर गॉथिक (जुनं टोकदार वळण), भाषा डॅनिश, आणि जुन्या वह्यांत तारखेऐवजी 'ट्रिनिटीनंतरचा तिसरा रविवार' असलं काहीतरी (ट्रिनिटी हा ईस्टरनंतर येणारा चर्चचा सण), ते कॅलेंडर काढून जुळवावं लागतं. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईबापांची नावं वाचून लोक पुढे जातात, पण खाली गॉडपेरेंट्सची, म्हणजे बाप्तिस्म्याला साक्षीला उभं राहणाऱ्यांची नावं असतात ती अजिबात सोडू नका, ते बहुतेक मामा, आत्या, काका, शेजारी, आणि नावापुढे त्यांचंही शेत असतं. तीन ओले हान्सेनांपैकी आपला कुठला ते कितीदा तिथेच ठरतं. मुलांची नावंही उपयोगी पडतात, सहसा थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं, दुसऱ्याला आईच्या बापाचं, आणि मूल गेलं तर पुढच्या बाळाला बऱ्याचदा तेच नाव, तेव्हा एका घरात दोन हान्स दिसले तर पाद्र्याची चूक समजू नका, दफनाचं पान बघा.

स्वीडनवाल्यांचं थोडं वेगळं. बापाच्या नावाची पद्धत तीच, पण घराण्यात सैनिक असेल तर लष्कराने दिलेलं छोटंसं नाव मिळतं, रास्क म्हणजे चपळ, मोदिग म्हणजे शूर, आणि ते नाव पुष्कळदा त्या जागेला चिकटलेलं असायचं, नंतर आलेल्या सैनिकालाही तेच, त्यामुळे दोन रास्क नात्यातले असतीलच असं नाही. डेन्मार्कात १८२८ सालीच फर्मान निघालं की मुलाला कायमचं आडनाव द्या, लोकांनी चालू होतं तेच गोठवलं, म्हणून आज येन्सेन आणि निल्सेन इतके.

तर सुरुवात नॉर्वेतून करू नका, घरातून करा. अमेरिकेतल्या जुन्या लुथरन चर्चच्या वहीत, घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर, थडग्याच्या दगडावर जन्माचं पॅरिश कितीदा लिहिलेलं असतं. तेवढं मिळालं की मला पानाचा फोटो पाठवा, गॉथिक अक्षर मी लावून देईन, मनापासून सांगते, मला ते काम आवडतं.