जमिनीखालच्या नदीतला रहिवासी

स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना, त्या शहरातून वाहणारी ल्युब्लियानित्सा नदी इथवर पोहोचण्याआधी अनेकदा जमिनीत गडप होऊन पुन्हा वर आलेली असते. पोस्तोयनाजवळ ती पिवका या नावाने गुहेत शिरते. आत तिला राक नदी मिळते, मग उनित्सा होऊन ती बाहेर येते, प्लानिनाच्या सखल मैदानात पुन्हा मुरते आणि व्र्हनिकाच्या झऱ्यांतून ल्युब्लियानित्सा म्हणून उगवते. इथले लोक तिला सात नावांची नदी म्हणतात. स्लोव्हेनियात राहायला आल्यापासून नदीकडे बघताना मला पाण्याइतकीच त्याची न दिसणारी वाट आठवते.

सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात वाढलेल्या आपल्याला ही भूमी नवी असते. इथली चुनखडी पावसाच्या किंचित आम्ल पाण्यात हळूहळू विरघळते. हजारो वर्षांत भेगांच्या नळ्या होतात, नळ्यांच्या गुहा. देशाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग असा आहे. वर मातीचा थर पातळ, आणि त्याखाली सरळ मोकळे रस्ते. वाळूतून मुरताना पाणी गाळलं जातं, तसं इथे फारसं होत नाही. वरच्या खळग्यात जे सांडेल ते काही तासांत किंवा दिवसांत कुठल्या तरी झऱ्यातून बाहेर पडतं, आणि वाटेत कुणाच्या तरी अंगावरून जातं.

त्या वाटेवर प्रोटिअस नावाचा, अंधाऱ्या गुहांतल्या पाण्यातला उभयचर प्राणी राहतो. वीतभराहून थोडा लांब, फिकट गुलाबी, डोळे कातडीखाली झाकलेले, मानेशी लाल कल्ल्यांचे झुबके. पुरात तो कधी कधी बाहेर वाहून येई, आणि लोकांना ती ड्रॅगनची पिल्लं वाटत. वाल्वासोर या विद्वानाने १६८९ मध्येच ही समजूत नोंदवून ठेवली आहे. अन्नाशिवाय तो वर्षानुवर्षं तगतो. संशोधकांच्या अंदाजाप्रमाणे शंभर वर्षंही जगू शकतो. पण वयात यायलाच त्याला सुमारे पंधरा वर्षं लागतात, आणि मादी साधारण बारा वर्षांतून एकदा अंडी घालते. असा प्राणी एका वाईट दशकात कमी झाला, तर भरून निघायला माणसाचं आख्खं आयुष्य पुरणार नाही. म्हणूनच मला तो फार नाजूक वाटतो, त्याच्या चिवटपणासकट.

देशाच्या आग्नेय कोपऱ्यात बेला क्रायिना नावाचा प्रदेश आहे. तिथल्या क्रुपा नदीची गोष्ट इथे येणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी. सेमिच गावातल्या कपॅसिटरच्या कारखान्यात १९६२पासून पीसीबी हे रसायन वापरलं जाई आणि टाकाऊ माल आसपासच्या खळग्यांत फेकला जाई. खळगा म्हणजे कचराकुंडी, हाच तेव्हाचा सार्वत्रिक समज. १९८३ मध्ये क्रुपाच्या पाण्यात पीसीबी सापडलं. ज्या उगमातून साऱ्या प्रदेशाला पिण्याचं पाणी द्यायचं ठरत होतं, तो बेत सोडून द्यावा लागला. पीसीबी चरबीत साठतं आणि सहजी नष्ट होत नाही. वापर थांबून दशकं उलटल्यावरही क्रुपाच्या झऱ्यातून आलेल्या प्रोटिअसच्या शरीरात ते भरपूर आढळलं. त्या एका पिढीचा कचरा तो अजून अंगात वागवतो आहे.

त्याच प्रदेशात, दोब्लिचे गावच्या झऱ्यापाशी, १९८६ मध्ये काळा प्रोटिअस सापडला. काळ्या रंगाचा, डोळे बऱ्यापैकी शाबूत असलेला हा उपप्रकार जगात फक्त बेला क्रायिनातल्या छोट्याशा टापूत आहे. वर शेतं आहेत. गोठ्यातलं पातळ खत शेतात ओतलं जातं आणि पावसाबरोबर खाली उतरतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची युरोपीय मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे. ती माणसाच्या आरोग्यासाठी ठरवलेली. आयुष्यभर त्याच पाण्यात श्वास घेणाऱ्या, कातडीतूनही पाणी शोषणाऱ्या उभयचराला ती पुरेशी मानणं मला पटत नाही. त्याच्यासाठी वेगळी, कडक मर्यादा हवी, आणि झऱ्यांच्या वरच्या शेतांत खत कमी टाकणाऱ्या शेतकऱ्याला भरपाई हवी. नुकसान त्यानेच सोसायचं, हा न्याय नव्हे.

धोका शेतीपुरता नाही. जून २०१९ मध्ये किनाऱ्याकडच्या रेल्वेमार्गावर, दोल प्री ह्रास्तोवल्याह इथल्या बोगद्यात मालगाडी घसरली आणि सुमारे दहा हजार लिटर केरोसीन चुनखडीत उतरलं. त्याच भागाला रिझाना झऱ्याचं पाणी मिळतं. पंपांवर आणि तपासणीवर किती धावपळ झाली असेल याची कल्पना करा.

प्रोटिअसला इथे १९२२पासून कायद्याचं संरक्षण आहे. पण ते त्याला पकडण्यापासून वाचवतं, वरून येणाऱ्या पाण्यापासून नाही. अडचण अशी की तो नेमका कुठे राहतो तेच दिसत नाही. बहुतेक जलमार्गांत माणूस शिरूच शकत नाही. आता झऱ्यातलं पाणी गोळा करून त्यात उरलेला त्याचा डीएनए शोधतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासात काळ्या प्रोटिअसच्या नव्या जागा हाती लागल्या. ‘आमच्या शेताखाली काही नाही’ हे आता पाण्याच्या बाटलीने तपासता येतं. पुढची परवानगी देताना, मग ती खताच्या टाकीची असो की रस्त्याची, ही तपासणी आधी सक्तीची करा, एवढीच माझी मागणी आहे.