टायरवरचा शिक्का

परवा सकाळी अंगणात जुनी सोलापुरी चादर अंथरून मी गाडीखाली अर्धी आत शिरले होते. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात मोबाइल. शेजारच्या सूनबाई फाटकातून म्हणाल्या, "काकू, काय पडलं का ओ?" म्हटलं, "पडलं नाही गं, तारीख बघायलेय." ती काही न बोलता दूध घेऊन आत गेली. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं असणार.

तारीख बघणं हा माझा ३१ वर्षांचा धंदा. पोस्टात काउंटरला होते. शिक्का पुसट असो, उलटा उठलेला असो, शाई फुटलेली असो, तारीख वाचल्याशिवाय कागद पुढे सरकवायचा नाही. आणि त्याच बाईने घरच्या गाडीच्या टायरवरचा शिक्का सहा वर्षं वाचला नाही. तो का वाचावा लागला, ते सांगते.

गाडी म्हणजे आमचं मोटरहोम. मूळची एका कारखान्याची २०११ ची स्टाफ बस. २०१८ मध्ये घेतली, सीट काढल्या आणि आत दोन पलंग, ओटा, फ्रिज, एवढंसं न्हाणीघर आणि २०० लिटरची पाण्याची टाकी बसवली. (आरटीओत फेरबदलाची नोंद करून घ्यायला किती चपला झिजल्या, ते पुन्हा कधीतरी.) मागे जोडचाकं, म्हणजे सहा टायर आणि एक स्टेपनी. साइज आठ-पंचवीस सोळा. घेतली तेव्हाच टायरची नक्षी भरपूर होती. आम्ही वर्षाला फिरतो चार हजार किलोमीटर, पाच म्हणजे डोक्यावरून पाणी. हंपी, तुळजापूर, एकदा कोकण. नक्षी झिजणार कुठून? आमचे हे दर वर्षी दोन रुपयाचं नाणं खाचेत घालून बघायचे आणि समाधानाने म्हणायचे, "टायरचं काही बघायला नको."

मे २०२४. पंढरपूरहून परत येत होतो, मोहोळच्या अलीकडे, दुपारचे तीन. सोलापूरकडचा मे काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. डांबराकडे बघवत नव्हतं. एकदम मागून तोफ उडाल्यासारखा आवाज आला, गाडी डावीकडे बसली आणि खालून धाडधाड धाडधाड सुरू झालं. यांनी ब्रेक न मारता हळूहळू गाडी कडेला आणली, तेवढं मात्र चांगलं केलं. उतरून बघते तर मागचा डावा बाहेरचा टायर उघडा पडलेला. सोललेल्या रबराच्या पट्ट्याने चाकावरचा पत्रा आत ढकलला होता आणि माझ्या सिंकचा पाइप मुळापासून उपटला होता. रस्त्यावर खरकट्या पाण्याची धार, त्यात सकाळच्या साबुदाण्याचे दाणे.

तासाभराने पंक्चरवाले चाचा मोटारसायकलवरून आले, मागे पोरगा, मांडीवर जॅक. त्यांनी फुटलेला टायर काढला, त्याच्याकडे नीट बघितलंही नाही. आतल्या टायरवर पाना ठोकला. ठण्ण आवाज यायला हवा, आला थप्प. तोही उतरवला, एका बाजूने डिस्कवरून, म्हणजे लोखंडी चाकावरून, सोडवला, आत हात घातला आणि मूठ माझ्यासमोर उघडली. काळी पूड. काजळासारखी, पण जरा खरखरीत.

"फुटला बाहेरचा, काकू. पण मेला होता आतला."

जोडचाकात हीच गोम आहे. दोघांनी मिळून ओझं उचलायचं असतं. आतल्यातली हवा उतरली तरी बाहेरून काही दिसत नाही, कारण बाहेरचा त्याला सावरून धरतो. आतला अर्धवट हवेवर दुमडत, घासत फिरतो आणि स्वतःचंच रबर दळतो. बाहेरचा दोघांचं ओझं घेऊन तापतो, तापतो आणि एक दिवस फुटतो. आतल्या टायरच्या नळीपर्यंत हात पोचत नाही म्हणून आम्ही त्याची हवा 'पुढच्या पंपावर बघू' म्हणत आलो होतो.

मग चाचांनी टायरच्या कडेवर बोट ठेवलं. लांबट गोल चौकट, आत चार आकडे: ३७१३. "सदतिसावा आठवडा, दोन हजार तेरा." म्हणजे आम्ही गाडी घेतली तेव्हाच टायर पाच वर्षांचे होते आणि फुटला तेव्हा अकराव्या वर्षात. पोस्टात असा शिक्का माझ्या नजरेतून सुटला असता तर मेमो मिळाला असता. स्टेपनी तर २०११ ची, गाडीच्या जन्माची. तीच लावून, चाळीसच्या वर काटा न जाऊ देता, विठ्ठल विठ्ठल करत घरी आलो.

नक्षी ठणठणीत असताना टायर म्हातारा होतो, हे पचायला यांना पंधरा दिवस लागले. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, आमच्या टायरला अजून १० च्या वर होती. गिरणगावातलं घर आमचं. सासूबाई चादर विटली की पोतेरं करायच्या, पोतेरं फाटलं की चुलीची काकडा-वात. वापर शिल्लक असलेली वस्तू फेकायची म्हणजे पाप. पण रबरात एक मेणासारखा पदार्थ घातलेला असतो. टायर फिरत राहिला, दाबत-सुटत राहिला की तो पृष्ठभागावर येतो आणि उन्हापासून, हवेतल्या ओझोनपासून रबराला राखतो. गाडी उभीच राहिली की ते मेण पुरेसं वर येत नाही. रबर सुकतं आणि कडेला केसासारख्या बारीक भेगा पडतात. आमची गाडी वर्षातले दहा महिने जुळे सोलापुरात, पश्चिमेच्या उन्हात उभी. झिजून नव्हे, बसून मेला आमचा टायर. तसे बसून बिघडणारे अजून एक जण घरात आहेत, पण तो विषय नको.

हैदराबाद रोडला मार्केट यार्डाच्या अंगाला टायरची दुकानं आहेत, कांद्याच्या ट्रकवाल्यांची. पहिल्या दुकानात म्हणाले, जोडी बदला, बाकीचे ठणठणीत आहेत. यांचा चेहरा उजळला. दुसऱ्या दुकानात मागच्या चार चाकांना रिमोल्ड, म्हणजे जुन्याच टायरवर नवी नक्षी चढवलेले, सुचवले, निम्म्या पैशात. दोघांचंही चुकत नव्हतं, फक्त तो सल्ला ट्रकसाठी होता. ट्रकवाला वर्ष-दीड वर्षात टायर घासून संपवतो, वर नवी नक्षी चढवतो, पुन्हा पळवतो. त्याच्याकडे टायरला म्हातारं व्हायला सवड नसते. त्यामुळे त्या बाजारात तारखेबद्दल कुणी विचारतच नाही. मी विचारलं तेव्हा पोरगं हसलं, "मॅडम, टायर काय दूध आहे का?"

तिसऱ्या दुकानात गल्ल्यावर एक वयस्कर शेठ होते. कामगारांशी तेलुगूत, माझ्याशी मराठीत, फोनवर कानडीत, अस्सल सोलापूरचे. त्यांनी बजेट विचारलं नाही. म्हणाले, "गाडी भरून किती भरते? आधी काटा करून या."

आम्हाला माहीतच नव्हतं. आरसीवरचा आकडा पाठ होता, पण तो गाडीला झेपणाऱ्या वजनाचा. आम्ही खरंच किती लादलंय, ते कुणी मोजलं होतं? दुसऱ्या दिवशी हंपीला निघाल्यासारखी गाडी भरली. टाकी काठोकाठ, सिलिंडर, ज्वारीचं पीठ, कडक भाकरीचे डबे, यांची हत्यारांची पेटी, खुर्च्या, आम्ही दोघं. काट्यावर सगळी गाडी ७,१०० किलो. मग नुसती पुढची चाकं काट्यावर ठेवली तर २,४८०. म्हणजे मागे ४,६२०. इथवर ठीक. शेठनी अजून एक सांगितलं होतं, काटा जमिनीच्या पातळीत असेल तर एकाच बाजूची चाकं चढवून बघा. काटेवाल्याने आधी नाही म्हटलं, मग चहा सांगितल्यावर हो म्हटलं. डावी बाजू ३,८८०, उजवी ३,२२०.

साडेसहाशे किलोंचा फरक! ओटा, फ्रिज, टाकी, दोन बॅटऱ्या, सगळं आम्ही डावीकडे बसवलंय, कारण उजवीकडची खिडकी मला रिकामी हवी होती. टायर फुटला तो डावाच, यात नवल ते काय? शेठनी कागदावर हिशोब मांडला. मागच्या डाव्या जोडीवर अडीच हजारांच्या आसपास. दोघांत वाटलं तर साडेबाराशे, काही प्रश्न नाही. एकाने मान टाकली तर दुसऱ्यावर अडीच हजार. मग त्यांनी मला नव्या टायरच्या कडेवरचे आकडे वाचायला शिकवले. १२८/१२४ के. १२८ म्हणजे एकट्याने असताना १,८०० किलो, १२४ म्हणजे जोडीत प्रत्येकी १,६००. के म्हणजे ताशी ११० पर्यंत. जोडीत आकडा कमी, कारण शेजाऱ्याची उष्णता सोसावी लागते आणि ओझं कधीच अगदी बरोबरीने वाटलं जात नाही. पोस्टातून रिटायर झाल्यावर मला एवढा आनंद कशाने झाला नव्हता. अख्खी भाषाच लिहिलेली असते हो त्या कडेवर.

नायलॉन की रेडियल, यावर फार वेळ गेला नाही. नायलॉन स्वस्त, कड दणकट, खडी-दगडात चांगला. रेडियल हमरस्त्यावर कमी तापतो, आणि आमचा शत्रूच ऊन. रेडियल. जुने नायलॉन होते, त्यामुळे नवा-जुना मेळ घालायचा विषयही संपला. एका जोडीत दोन जातीचे टायर कधीच घालू नयेत.

भांडण झालं ते नक्षीवरून. मागे लग घालायचा म्हणजे मोठ्या आडव्या गोट्यांचा, असा यांचा हट्ट. कारण आपली काळी माती. जुलैत नान्नजच्या बाजूला एका जुन्या मैत्रिणीच्या शेतात गाडी घातली होती, ती काढायला ट्रॅक्टर लागला. मी म्हटलं, काळ्या मातीत सात टन रुतल्यावर लग काय आणि रिब काय, ट्रॅक्टरच लागणार. आम्ही शंभरातले नव्व्याण्णव किलोमीटर डांबरावर असतो. सरळ रेघांचा रिब सहाही चाकांना घेतला, म्हणजे स्टेपनी कुठेही बसते. हे अजून पटलेले नाहीत. परवा पाऊस झाला तेव्हा खिडकीतून मातीकडे बघून नुसतं "हं" म्हणाले.

तारखेवर मात्र मी अडून बसले. सातही टायर मागच्या सहा महिन्यांतले हवेत, नसतील तर मागवा, आम्हाला घाई नाही. शेठ म्हणाले, "गोदामात सावलीत ठेवलेला टायर लवकर बिघडत नाही, ताई." खरं आहे ते. पण जो माणूस टायर आठ वर्षं ठेवणार, त्याने पहिलंच वर्ष दुकानदाराला का द्यावं? आठवड्याने माल आला. ट्यूब, फ्लॅप धरून बिल सव्वा लाखाच्या जवळ, त्यात २८ टक्के जीएसटी. सप्टेंबर २०२५ मध्ये तो १८ टक्क्यांवर आला, तेव्हा यांनी पेपर माझ्यासमोर घडी घालून ठेवला. साधारण ९,७०० रुपयांचा फरक. मी पेपर रद्दीत टाकला.

हवेचं सांगायचं राहिलं. दुकानातला पोरगा सहाही चाकांत ११० पीएसआय हवा मारायला निघाला होता. कंपनीच्या तक्त्यात वजनाप्रमाणे हवा दिलेली असते. आम्ही पुढे आणि मागे जड बाजूचा आकडा धरला, वर थोडी जास्त ठेवली. पुढे ८५, मागे ९५, आणि एका अॅक्सलवर डावी-उजवी सारखीच. आतल्या टायरना लांब नळ्या लावून घेतल्या, आता उभ्याउभ्या हवा बघता येते. बघायची ती सकाळी, गाडी हलवायच्या आधी. दुपारी चालून आलेला टायर ९५ चे १०८ दाखवतो, तेव्हा पंपावरच्या पोराला हवा सोडू द्यायची नाही. सोडली की दुसऱ्या सकाळी कमी भरते. तुळजापूरला जाऊन आल्यावर नट पुन्हा आवळून घेतले, तेही लागतं.

आता गाडी उभी असते तेव्हा चाकांखाली फळ्या आणि चाकांवर सासूबाईंच्या पेटीतल्या विटलेल्या चादरी. मोरांची नक्षी बाहेरून. येणारे-जाणारे थांबून बघतात.

आणि सात टायरची वही केली आहे. चाक कोणतं, शिक्का, बसवल्याची तारीख, दर महिन्याची हवा. दुकानात सहा शिक्के मी स्वतः वाचले. सातवा टायर टेम्पोतून उशिरा आला, मी तेव्हा समोर भजी खात होते. पोराने तो उजव्या जोडीत आत बसवूनही टाकला. पूर्ण शिक्का टायरच्या एकाच बाजूला असतो, आणि ती बाजू नेमकी दोन टायरांच्या मध्ये गेली. परवा गाडीखाली शिरले होते ती त्यासाठीच. मोबाइल फटीत सरकवून अकरा फोटो काढले. एकात शेवटचे दोन आकडे दिसतात, २४. आठवडा व्हॉल्व्हच्या नळीमागे लपलाय.

हे म्हणतात, वर्ष कळलं ना, सोड आता. वहीत त्या रकान्यात पेन्सिलीने दोन रेघा आणि पुढे २४ लिहिलंय. चाकं फिरवायला काढतील तेव्हा शाईने भरीन.