एडनच्या तोंडाशी थांबलेलं जहाज

जहाजावर रात्रीची बारा ते चारची वॉच सेकंड ऑफिसरची, म्हणजे माझी. २६ जानेवारी २०२४ चा दिवस संपून सत्तावीस तारीख लागली होती. आमचं बल्क कॅरियर, म्हणजे सुटा माल वाहणारं जहाज, कांडल्याहून बेंटोनाइट माती भरून इटलीला निघालेलं, सोकोत्रा बेटाच्या पूर्वेला होतं. ब्रिजवरच्या कॉम्प्युटरवर यूकेएमटीओचा, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या सागरी केंद्राचा इशारा आला: येमेनच्या एडन बंदराच्या आग्नेयेला एका टँकरवर हल्ला, जहाजाला आग. मी कॅप्टनना फोन लावला. ते दोन मिनिटांत वर आले.

सकाळपर्यंत नाव कळलं. मार्लिन लुआंडा. येमेनमधल्या हुथी बंडखोरांचं क्षेपणास्त्र नाफ्त्याच्या, म्हणजे पटकन पेटणाऱ्या तेलाच्या टाकीवर बसलं होतं. जहाजावर २२ भारतीय आणि एक बांगलादेशी. आदल्या दिवशी आम्ही मेसमध्ये प्रजासत्ताक दिनाचा झेंडा लावून जिलेबी खाल्ली होती. त्या पोरांनीही तसंच काही केलं असणार, आणि त्याच संध्याकाळी ती फोमचे पाइप ओढत आगीशी लढत होती.

दहा वाजता कॅप्टननी सगळ्यांना मेसमध्ये बोलावलं. ते कोचीचे, मोजकं बोलणारे. म्हणाले, "कंपनी म्हणते तांबड्या समुद्रातून सुवेझनेच जा, त्या पट्ट्यात दुप्पट बेसिक पगार देऊ. ज्याला जायचं नाही त्याने आत्ता सांगा, मी कोणाच्या रिपोर्टवर काही लिहिणार नाही." कोणी काही बोललं नाही. आमचा दापोलीचा पोरगा, पहिल्याच काँट्रॅक्टवर आलेला, बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाला, "दादा, आईला मी दुबईला चाललोय म्हणून सांगितलंय. काही झालं तर तिला कळणार कसं?" मी त्याला आधी घरी खरं सांगायला लावलं. मार्गाचं नंतर बघू म्हटलं.

चीफ इंजिनियर युक्रेनमधल्या ओडेसाचे. जानेवारीतच जेन्को पिकार्डी नावाच्या, आमच्यासारख्याच बल्क कॅरियरवर ड्रोन आदळलं होतं. हुथींच्या ड्रोनचे फोटो बघून ते मला म्हणाले होते, "याचा आवाज मला पाठ आहे. मोपेड जावी तसा येतो." इराणी बनावटीची ही ड्रोन रशिया युक्रेनवर सोडतो आणि त्याच जातीची हुथी जहाजांवर सोडतात. चीफची बायको घरी खिडक्यांपासून लांब, बोळात गादी टाकून झोपते, आणि नवरा एडनच्या तोंडाशी त्याच ड्रोनची वाट बघतोय. पुढे बातमी आली की मार्लिन लुआंडावरचा नाफ्ता रशियन होता. जहाजाचा संबंध ब्रिटिश कंपनीशी, झेंडा मार्शल आयलंड्सचा, माल रशियाचा, माणसं आपली. चीफनी ती बातमी पुन्हा पुन्हा वाचली आणि काही न बोलता इंजिन रूममध्ये गेले.

गाझातलं युद्ध ऑक्टोबर २०२३ मध्ये पेटलं. नोव्हेंबरात गाझाचा कैवार घेत हुथींनी हेलिकॉप्टरमधून उतरून गॅलेक्सी लीडर जहाज पळवलं, आणि तेव्हापासून जहाजाची कागदपत्रं म्हणजे जिवाचा प्रश्न झाला. मालक कोण, कोणे एके काळी कोण होता, मागे कुठल्या बंदरात गेलं होतं. एआयएसवर, म्हणजे जहाजाची ओळख आसपासच्या जहाजांना दाखवणाऱ्या यंत्रणेवर, जिथे पुढच्या बंदराचं नाव लिहायचं तिथे लोक 'इस्रायलशी संबंध नाही', 'सर्व खलाशी चिनी' असं लिहू लागले. मी स्वतः हे स्क्रीनवर वाचलंय. कोणाशी संबंध नाही असं सांगायची पाळी आलेला तो खलाशी आणि गाझातली लढाई यांच्यात अंतर दोन हजार किलोमीटरच्या आसपासचं.

मग आपलं रक्षण कोणी करायचं? आमच्याही जहाजावर मार्शल आयलंड्सचाच झेंडा. त्या देशाला नौदल नाही. नोंदणीची फी मात्र तिकडे जाते. अमेरिकेने १८ डिसेंबरला तांबड्या समुद्रातल्या जहाजांच्या रक्षणासाठी 'प्रॉस्पेरिटी गार्डियन' मोहीम जाहीर केली, दहा देशांची नावं वाचून दाखवली. स्पेनने लगेच अंग काढून घेतलं, फ्रान्स आणि इटली म्हणाले आमची जहाजं आमच्याच हुकमाखाली राहतील. अरब देशांपैकी यादीत एकटं बहरीन. सुवेझच्या उत्पन्नावर ज्याचं पोट त्या इजिप्तचं नाव नाही. गाझावर रोज बॉम्ब पडत असताना अमेरिकेच्या शेजारी उभं राहिलेलं स्वतःच्या लोकांना दिसणं या अरब देशांना परवडणारं नव्हतं, हे मला समजतं. पण ब्रिजवर उभ्या माणसाला त्याचा उपयोग शून्य.

भारतही त्या यादीत नव्हता. डिसेंबरात केम प्लुटो या टँकरवर आपल्या किनाऱ्यापासून सुमारे २०० सागरी मैलांवर ड्रोन पडलं, त्यानंतर आपल्या नौदलाने स्वतःच्याच हुकमाखाली अरबी समुद्रात युद्धनौका वाढवल्या. मेसमधल्या बैठकीनंतर त्या दुपारी व्हीएचएफ रेडिओच्या चॅनेल सोळावर त्यांच्यापैकीच एकीने आम्हाला हाक मारली. नाव, मागचं बंदर, पुढचं बंदर, माणसं किती, कुठल्या देशांची. मी एकेक सांगत गेलो. शेवटी पलीकडचा अधिकारी म्हणाला, "काही संशयास्पद दिसलं तर ताबडतोब कळवा. जय हिंद." दापोलीचा पोरगा तेव्हा लुकआउटला माझ्या बाजूला होता. त्याचा चेहरा बघून मला फार बरं वाटलं.

मार्लिन लुआंडाच्या हाकेला आयएनएस विशाखापट्टणम धावली होती. तिच्यावरची दहा जणांची अग्निशमन तुकडी पेटत्या जहाजावर चढली. फ्रान्सची अल्सास आणि अमेरिकेची कार्नी या युद्धनौकाही मदतीला होत्या. हल्ल्याच्याच दिवशी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ दिल्लीत संचलनाचे प्रमुख पाहुणे होते, पण समुद्रात त्या तिघी एकत्र आल्या त्या कुठल्या करारामुळे नव्हे, जवळ होत्या म्हणून. मला विचाराल तर भारताने वेगळं राहून केलं ते योग्यच केलं. पण आपला इतका मोठा खलाशीवर्ग परदेशी झेंड्यांखाली राबतो, त्याच्यासाठी अशी गस्त कायमची हवी. संकट आलं की वाढवायची आणि निवळलं की कमी करायची, असं चालणार नाही.

त्याच संध्याकाळी कंपनीचा मेल आला. युद्धजोखमीच्या विम्याचा हप्ता जहाजाच्या किमतीच्या एक टक्क्याच्या आसपास गेला होता, मालकांनी आकडेमोड केली आणि मार्ग बदलला: आफ्रिकेला वळसा. आमच्या जिवापेक्षा विम्याच्या हिशेबाने निर्णय झाला, याचा मला आजही राग आहे. मी केप ऑफ गुड होपचा पॅसेज प्लॅन, म्हणजे प्रवासाचा आराखडा, कॅप्टनसमोर ठेवला. अंतर दुपटीहून जास्त, तीन आठवडे वाढीव, इंधनाला डर्बनला थांबा. कॅप्टननी सही केली आणि आम्ही दक्षिणेकडे वळलो.

इटलीत माल उतरवत असताना, ६ मार्चला ट्रू कॉन्फिडन्स या बल्क कॅरियरवर हुथींचं क्षेपणास्त्र पडलं. तीन खलाशी गेले, दोन फिलिपिनो, एक व्हिएतनामी. उरलेल्यांना आयएनएस कोलकाताने उचलून जिबूतीला नेलं. आमचा फिलिपिनो बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, दिवसभर फोनवर होता, मेलेल्यांत ओळखीचं कोणी आहे का शोधत.

हल्ली नवीन काँट्रॅक्ट आलं की मी एजंटला पगाराआधी मार्ग विचारतो, आणि त्या पट्ट्यात जायला नकार देता येईल हे सही करण्याआधी लेखी घेतो. दापोलीच्या पोरालाही तेच करायला सांगितलंय.