हिमालयन ४११ माझ्या उंचीला आणताना

माझी उंची १५५ सेंटीमीटर आणि रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ या बाइकची सीट जमिनीपासून ८०० मिलिमीटर. तसं बघितलं तर ॲडव्हेंचर गाड्यांमध्ये हा आकडा कमीच आहे, सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स ८३५ ला आहे आणि केटीएमची जुनी ३९० ॲडव्हेंचर तर ८५५ ला होती, पण तरीसुद्धा मला दोन्हीकडे फक्त बोटं टेकायची. गाडी पळत असताना उंचीचा काही संबंध येत नाही, ती २१ इंची पुढच्या चाकावर मस्त झुलत जाते. अडचण थांबताना. १९९ किलोची गाडी, वर बॅगा बांधलेल्या, आणि गगनबावड्याच्या वळणावर वरून एसटी आली म्हणून थांबावं लागलं की ज्या बाजूला रस्त्याचा उतार त्या बाजूचा पाय खाली पोचतच नाही. एका पायावर थांबायची सवय मी केली होती, म्हणजे सीटवरून थोडं डावीकडे सरकायचं, डावा पाय पूर्ण टेकवायचा आणि उजवा मागच्या ब्रेकवर ठेवायचा, आणि ही सवय प्रत्येकाने करावीच. पण खडीवर सामानासकट गाडी वळवताना तेवढ्याने भागत नाही. "ताई दुसरी गाडी बघा की" हे बऱ्याच जणांनी सांगितलं. मला हीच हवी होती.

काम सुरू करायच्या आधी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे गाडी तुमच्या वजनाखाली किती बसते ते मोजणं, आणि हे बहुतेक लोक करतच नाहीत, थेट पार्ट मागवतात. मोजायला एक टेप आणि एक माणूस लागतो. सेंटर स्टँडवर मागचं चाक हवेत असताना ॲक्सलपासून सरळ वर चेसीवरच्या एका खुणेपर्यंत अंतर घ्यायचं, मग गाडी खाली उतरवून हेल्मेट, जॅकेट, बूट सगळं घालून बसायचं आणि परत तेच अंतर घ्यायचं. हा फरक मागच्या एकूण ट्रॅव्हलच्या, म्हणजे चाक जितकं वर-खाली होऊ शकतं त्या अंतराच्या, साधारण एक तृतीयांश असावा असा अंदाज धरतात. ४११ चा मागचा ट्रॅव्हल १८० मिलिमीटर, म्हणजे साठच्या आसपास. माझा आला चाळीस. गाडी सेकंडहँड आहे आणि आधीच्या मालकाने डबलसीटसाठी प्रीलोड, म्हणजे मागच्या स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब, कडक करून ठेवला होता, आणि माझं वजन आहे ५२ किलो. इथे लक्षात घ्या, उंचीने लहान माणूस बहुतेक वेळा वजनानेही हलका असतो, त्यामुळे स्प्रिंग त्याच्यासाठी कडक पडते, गाडी पुरेशी खाली बसतच नाही आणि आधीच उंच असलेली सीट अजून उंच राहते. प्रीलोड सगळ्यात मऊ खाचेवर आणला तेव्हा गाडी जवळपास सेंटीमीटरभर खाली आली, एक रुपया न घालवता, आणि खड्ड्यातून जाताना पाठीला बसणारे दणकेही कमी झाले.

नंतर सीट. सीटची उंची ही अर्धीच गोष्ट आहे, दुसरी अर्धी म्हणजे सीटची पुढची रुंदी, कारण पाय सरळ खाली जात नाही, तो आधी सीटच्या कडेला वळसा घालून मग खाली जातो. म्हणून सीटवाल्याला मी सांगितलं की वरून फार कापू नका, टाकीजवळच्या दोन्ही कडा तासा. वरून त्याने दोनेक सेंटीमीटर फोम काढला, त्यापेक्षा जास्त काढला तर दोन-तीन तासांनी माकडहाड थेट खालच्या प्लास्टिकवर येतं आणि टूरिंगच्या गाडीत ते अजिबात परवडत नाही. रेक्झिन चढवायच्या आधी सीट तशीच उघड्या फोमसकट गाडीवर लावून बसून बघा, परत थोडं तासा, परत बसा. एकदा रेक्झिन ताणून स्टेपल मारले की मग कोण परत उघडत नाही. कडा तासल्याने पायाला जो फरक पडला तो मला टेपवर दिसला त्यापेक्षा खूप जास्त जाणवला, पायाचा पुढचा चवडा पूर्ण टेकायला लागला.

इथे थांबता आलं असतं आणि नुसत्या कोल्हापूर-रत्नागिरी डांबरी रस्त्यासाठी मी थांबलेही असते. पण मला सामान लादून कोकणातल्या लाल मातीच्या उतरणींवर जायचं होतं, म्हणून मागच्या शॉकच्या लिंकला हात घातला.

४११ ला मागे एकच शॉक आहे आणि तो चिमट्याला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला, लिंकेज नावाच्या जोडपट्ट्यांमधून जोडलेला आहे. त्यातल्या दोन पट्ट्या थोड्या लांब घेतल्या की चिमटा वर सरकतो आणि गाडीची मागची बाजू खाली येते. पट्टीतला फरक काहीच मिलिमीटरचा असतो पण चाकापाशी तो कितीतरी पटीने मोठा होतो, म्हणून या पट्ट्या लोकलला अंदाजे ड्रिल मारून करून घेऊ नका, तयार किट घ्या. मी २५ मिलिमीटरवालं घेतलं. बाजारात याहून जास्त खाली आणणारंही मिळतं, मी मुद्दाम घेतलं नाही. ४११ चा ग्राउंड क्लिअरन्स २२० आहे, त्यातून २५ गेले तरी १९५ उरतात, आपल्याकडचे गावागावांतले स्पीडब्रेकर बघता त्याखाली जायची माझी तयारी नव्हती. पट्ट्या काढताना चाकाखाली आधार द्यायचा, नाहीतर चिमटा धाडकन खाली येतो. लिंकेज उघडलंच आहे तर आतल्या नीडल बेअरिंग साफ करून नवीन ग्रीस भरून घ्या, माझ्यातलं ग्रीस वाळून खडा झालं होतं. मग स्प्रिंग नसताना चाक हाताने पूर्ण वर उचलून टायर मडगार्डला किंवा वायरिंगला घासत नाही ना ते बघायचं, हे मेकॅनिकला सांगावं लागतं, तो स्वतःहून करत नाही.

आता खरी मेख. मागून गाडी खाली आणली आणि पुढे तशीच ठेवली तर पुढचा फोर्क जास्त आडवा होतो, हँडल जड आणि संथ वाटायला लागतं, आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो. म्हणून पुढचे शॉकपही टी मधून, म्हणजे फोर्कचे दोन्ही पाइप धरणाऱ्या क्लॅम्पमधून, वर सरकवावे लागतात. आमच्या मेकॅनिक मामांचं म्हणणं होतं की "पुढचं राहू दे, काय फरक पडत नाही." मी तशी थोडी चालवून बघितली आणि फरक पडतो, सावकाश वळताना हँडल आपोआप आत पडल्यासारखं होतं. मग दोन्ही पाइप २० मिलिमीटर वर घेतले, एका बाजूचे बोल्ट सैल, दुसऱ्या बाजूचे घट्ट, असं आलटून पालटून. दोन्ही बाजूंचं माप व्हर्नियरने तंतोतंत सारखं पाहिजे आणि टी चे बोल्ट टॉर्क पान्ह्यानेच आवळायचे. पुढे पूर्ण दाबल्यावर मडगार्ड खालच्या टी ला लागत नाही, ब्रेकचा होज ताणला जात नाही, एबीएसची वायर दबत नाही, हे तिन्ही बघून घेतलं.

लिंक बदलल्यावर मागचा शॉक मऊ वाटायला लागतो कारण लिव्हरेज बदलतं, त्यामुळे प्रीलोड एक खाच परत वाढवावा लागला आणि त्यात थोडी उंची परत गेली. चेनही तपासा, चिमट्याचा कोन बदलला की चेनचा ढिलेपणा बदलतो.

साइड स्टँडचं काम मला वाटलं त्यापेक्षा जास्त गंभीर निघालं. गाडी खाली आली पण स्टँड तेवढाच लांब, म्हणजे गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि रस्ता जरा उजवीकडे झुकलेला असला की पलीकडे कलंडणार. किती कापायचं हे ठरवायची सोपी पद्धत अशी की दोन्ही चाकांखाली फळ्या ठेवायच्या, स्टँड जमिनीवरच, आणि गाडी पहिल्यासारखी झुकेपर्यंत फळ्या वाढवत जायच्या. त्या फळ्यांच्या जाडीपेक्षा थोडंसं कमी कापायचं. मी जुना स्टँड जपून ठेवला, दुसरा एक विकत आणला आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात मधला तुकडा कापून वेल्डिंग करून घेतलं, आतून रॉडचा आधार देऊन. खालचा पाय कापायचा नाही, नाहीतर त्याचा कोन बिघडतो. आणि स्टँड गाडीवर असताना वेल्डिंग करू देऊ नका, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जायची भीती असते.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ स्वरूपात बदल करण्यावर बंधनं आहेत, म्हणून चेसीला मी कुठेही कापाकापी केली नाही, सगळं बोल्टने लागतं आणि बोल्टनेच निघतं, मूळ पार्ट घरात पिशवीत आहेत. विम्याच्या कंपनीला ईमेलने कळवलं आणि उत्तराची प्रिंट कागदपत्रांबरोबर ठेवली.

आता दोन्ही पायांचे चवडे आणि एका बाजूला सरकले तर पूर्ण तळवा टेकतो. दोन्ही तळवे सपाट टेकवायचा हट्ट मी धरला नाही, त्यासाठी अजून पन्नासेक मिलिमीटर घालवावे लागले असते आणि मग हिमालयन घेण्यात अर्थ काय उरला. आंबा घाटात सामानासकट वळणावर थांबले, मागे घेतली, परत निघाले, आणि पहिल्यांदाच त्यात विशेष काही वाटलं नाही. वळणात फूटपेग लवकर खाली लागतो हे मात्र खरं, आणि मोठ्या स्पीडब्रेकरवर तिरकं जावं लागतं नाहीतर इंजिनखालची प्लेट घासते. पहिल्या लांबच्या राइडनंतर लिंकचे आणि टी चे बोल्ट परत टॉर्कला लावून घेतले, एक थोडा फिरला.

सेंटर स्टँडवर गाडी चढवणं मात्र अवघड झालं, कारण आता तिला जास्त उचलावं लागतं. त्यासाठी इंचभर जाडीची फळी मागच्या चाकाखाली घेते आणि मग स्टँड मारते, ती फळी डाव्या बॅगेत कायम असते. ज्यांच्याकडे नवीन ४५० आहे त्यांची स्टँडर्ड सीट ८२५ ची आहे आणि कंपनीचीच कमी उंचीची सीट ८०५ पर्यंत येते, तर लिंक उघडायच्या आधी ती लावून आणि गाडी तुमच्या वजनाखाली किती बसते ते मोजून बघा.