मायकल लीच जपानचाच आहे

रग्बीची मॅच बघताना कोणीतरी हमखास म्हणतं, हा जपानचा कसा, दिसायला तर जपानी नाही, बाहेरून आणलाय वाटतं. जपानकडून खेळणाऱ्या लीचबद्दल असं ऐकलं की मला खरंच राग येतो. जन्म न्यूझीलंडचा, आई फिजीची, हे बरोबर, पण 15 व्या वर्षी पोरगा शिकायला जपानमधल्या सप्पोरोला गेला, तिथेच वाढला, नागरिकत्व घेतलं, आणि 2015 च्या वर्ल्ड कपला जपानने दक्षिण आफ्रिकेला 34-32 हरवलं तेव्हा कॅप्टन तोच होता. शेवटी पेनल्टी मारून मॅच बरोबरीत सोडवता आली असती, तर याने स्क्रम (दोन्ही टीमचे खेळाडू एकमेकांना भिडून बॉलसाठी रेटारेटी करतात तो) घेतला, जिंकायलाच गेला! हा माणूस परका कसा?

रग्बीत पासपोर्टवर काही ठरत नाही (ऑलिम्पिकचं सेव्हन्स, म्हणजे 7-7 खेळाडूंचं रग्बी, वेगळं). तुमचा स्वतःचा, आईवडिलांपैकी एकाचा किंवा आजीआजोबांपैकी एकाचा जन्म त्या देशातला हवा, नाहीतर सलग 5 वर्षं फक्त तिथल्याच रग्बी बोर्डाकडे खेळाडू म्हणून नोंद हवी. आधी तिथे राहायची 3 च वर्षं होती आणि ती मला कधीच पटली नाहीत, कारण 22-23 वर्षांचा तयार खेळाडू क्लबने बाहेरून उचलायचा, 3 वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट द्यायचं, ते संपलं की नॅशनल टीमचा दरवाजा उघडा. आयर्लंडमध्ये अशांना 'प्रोजेक्ट प्लेअर' असं नावच पडलं होतं. यात खेळाडूची चूक नाही, दक्षिण आफ्रिकेतून आलेला सी. जे. स्टँडर आयर्लंडसाठी जीव तोडून खेळला, पण सिस्टीम श्रीमंत बोर्डांच्या सोयीची होती.

आजीआजोबांच्या नियमातही घोळ झालेत. 2000 साली वेल्सकडून खेळणाऱ्या शेन हॉवर्थ आणि ब्रेट सिंकिन्सनचे कागद तपासले तर वेल्सच्या आजोबांचा पुरावाच निघाला नाही.

पण खरा अन्याय झाला तो टोंगा, सामोआ, फिजीवर. मोठ्या देशाकडून सीनियर टीमची एक मॅच खेळलात, भले 10 मिनिटं, की तुम्ही कायमचे त्यांचे, मग त्यांनी परत कधी बोलावलं नाही तरी बसा बघत. मलाकाय फेकिटोआ जन्माने टोंगाचा, न्यूझीलंडकडून 24 टेस्ट (इंटरनॅशनल मॅच) खेळला, 2017 नंतर टीममधून बाहेर, आणि टोंगाला गरज असताना हा नुसता क्लब रग्बी खेळत होता. शेवटी 2022 पासून नियम बदलला, 3 वर्षं इंटरनॅशनल न खेळता काढली तर एकदा जन्माच्या किंवा आईवडील, आजीआजोबांच्या देशाकडे जाता येतं. फेकिटोआ लगेच त्याच वर्षी टोंगाकडून उतरला, न्यूझीलंडकडूनच आधी खेळलेला चार्ल्स पियुटाऊ पण.

हे 10 वर्षं आधी व्हायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. आणि अजूनही 3 वर्षं जास्तच आहेत, तिशीतल्या प्रॉपला (स्क्रमच्या पुढच्या रांगेत रेटणाऱ्या खेळाडूला) 3 वर्षं थांबवलं तर त्याच्या गुडघ्यात तोवर काही शिल्लक राहणार आहे का? 2 करा ना.