जीलिबसी २.१७ आणि गेटवरचा पेनड्राइव्ह

२०२३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आमचे मोजमापाचे सॉफ्टवेअर बसवायला मी एकटाच गेलो होतो. सुट्या भागांची मापे यंत्राकडून घेणे, त्यांचे आलेख काढणे आणि दर्जा विभागासाठी अहवाल छापणे ही तिन्ही कामे पूर्वी आम्ही एकाच अवजड प्रोग्रॅममध्ये कोंबली होती. त्या वर्षी ती वेगवेगळ्या घटकांत तोडली, ज्याला जेवढे हवे तेवढेच बसवता यावे म्हणून प्रत्येक घटकाचे स्वतंत्र पॅकेज केले आणि लागणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडच्या फाइलीही, त्यातच भरल्या. ऑफिसातल्या चारही संगणकांवर सगळे बिनतक्रार चालले. चारही संगणकांवर उबुंटू २२.०४ ही लिनक्सची त्यामानाने नवी प्रणाली होती, याचा विचार मात्र कोणी केला नव्हता.

गेटवर मोबाइल जमा झाला, पेनड्राइव्ह व्हायरस तपासणीतून गेला आणि रजिस्टरमध्ये त्याची नोंद झाली. चाचणी कक्षातल्या संगणकाला इंटरनेट नव्हते आणि त्यावर सेंटओएस ७ ही लिनक्सची बरीच जुनी प्रणाली होती. पॅकेज उलगडले, फाइली जागच्या जागी गेल्या, आणि पहिला घटक सुरू करताच पडद्यावर तक्रार उमटली की जीलिबसी २.३४ सापडत नाही.

"अहो, लागेल ते सगळं आत भरून आणलंय म्हणालात ना?" सिस्टिम्सचे प्रमुख शांतपणे म्हणाले.

भरले होते, एक सोडून. जीलिबसी ही लिनक्सवरच्या बहुतेक प्रोग्रॅमांच्या बुडाशी असलेली लायब्ररी आहे. बाकीच्या लायब्रऱ्या मेमरीत आणून जोडणारा लोडरही तिचाच भाग असतो आणि दोघांची आवृत्ती जुळावी लागते, म्हणून ती सहसा कोणी पॅकेजात घालत नाही. त्या संगणकावर ती २.१७ होती, आमच्याकडे २.३५. प्रमुखांनी सुचवले, "मग इथलीच नवी करून टाका." ते शक्य नव्हते; फाइलींची यादी दाखवणाऱ्या साध्या कमांडपासून त्या संगणकावरचे जवळपास सगळे तिच्याच आधारावर उभे होते.

मला कोडे वेगळेच पडले होते. आम्ही २.३४ मधली एकही नवी सोय वापरलेली नव्हती. फाइल आतून उलगडून दाखवणाऱ्या ऑब्जडंप या साधनाने आमच्या प्रोग्रॅमच्या फाइलीतली नावे तपासली तेव्हा उलगडा झाला. जीलिबसीतल्या प्रत्येक फंक्शनला आवृत्तीचे लेबल असते आणि बिल्ड करताना, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बनवताना, तुकडे जोडणारा लिंकर बिल्डच्या संगणकावर उपलब्ध असलेले नेहमीचे, म्हणजे सर्वांत नवे लेबल चिकटवतो. ऑगस्ट २०२१ च्या २.३४ मध्ये थ्रेडची (एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामांची) वेगळी लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली, त्यामुळे थ्रेड सुरू करणाऱ्या वर्षानुवर्षे जुन्या फंक्शनलाही नवे लेबल लागले. नवी जीलिबसी जुनी लेबले सांभाळून ठेवते. जुनीला नवी लेबले कळण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे बिल्ड करायचे ते ग्राहकांकडच्या सर्वांत जुन्या प्रणालीवर. माझ्या सहकारिणीने हे दोन महिन्यांपूर्वीच सुचवले होते, आणि "सेंटओएस ७ आता वापरतं कोण?" असे म्हणून मी ते टोलवले होते.

दुपारी घाईघाईने गेटबाहेर आलो, मोबाइल परत घेतला आणि समोरच्या टपरीवरून तिला फोन केला. ती टोमणा मारील असे वाटले होते. तिने फक्त कोणकोणते घटक लागतील ते विचारले. पायथनची पॅकेजे बांधण्यासाठी ठेवलेली मेनीलिनक्स २०१४ ही कंटेनर इमेज (आपल्या संगणकात वेगळी लिनक्स प्रणाली चालवता येईल असा तयार साचा) तिच्याकडे होती. ती सेंटओएस ७ वर बेतलेली असल्याने जीलिबसी २.१७ च मिळते, पण सोबत नवा कंपायलर (कोडचे यंत्राला कळणाऱ्या रूपात भाषांतर करणारे साधन) असतो. तो नसता तर आमचा सी++१७ मधला, म्हणजे सी++ भाषेच्या २०१७ च्या आवृत्तीतला कोड सेंटओएस ७ च्या मूळच्या ४.८.५ कंपायलरला पेललाच नसता. तीन चहा होईपर्यंत पॅकेजे तयार झाली, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून ती लॅपटॉपवर उतरवली आणि त्याच पेनड्राइव्हवर घेऊन पुन्हा तपासणीच्या रांगेत उभा राहिलो. या वेळी घटक पहिल्याच फटक्यात सुरू झाला आणि यंत्राकडून आलेले पहिले माप पडद्यावर दिसले.

दर्जा विभागातल्या विंडोज संगणकाने फार वेळ घेतला नाही, पण लाज काढली. व्हीसीरनटाइम१४० ही डीएलएल (विंडोजवरची लायब्ररी फाइल) तिथे आहे एवढे पाहून आमच्या इन्स्टॉलरने मायक्रोसॉफ्टचे रनटाइम, म्हणजे प्रोग्रॅम चालायला लागणाऱ्या लायब्रऱ्यांचा संच, बसवणे वगळले होते. ती फाइल जुन्या, २०१५ च्या रनटाइमची होती. आमच्या घटकाला शेवटी _१ असलेली तिची धाकटी बहीणही हवी होती, जी व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ सोबत आली. प्रमुखांनी ॲडमिनचा पासवर्ड टाकला, मी रनटाइम हाताने बसवले आणि अहवाल छापून निघाला.

साडेसहाला गेटवर आलो. दुपारी बाहेर पडताना पेनड्राइव्हची जावक नोंद करायची राहून गेली होती आणि आत येताना त्याचीच दुसरी आवक नोंद झाली होती. सुरक्षारक्षकाने रजिस्टरवर बोट ठेवून दुसरा पेनड्राइव्ह मागितला. एकच आहे हे परोपरीने सांगूनही तो ऐकेना, शेवटी प्रमुखांनाच खाली बोलवावे लागले.